हबशी आपला कोण?

(कामतघर, भिवंडी येथें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



शाळेचीं मुलें घेऊन मी कान्हेरीचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. तेथील बुद्धमूर्तीचे कुरळे केस पाहून एका मुलानें विचारलें, "गुरुजी, बुद्ध हबशी होता काय?" बाकीचीं मुलें हंसलीं आणि आमच्या वर्गांतल्या एका काळ्या पोराकडे बोट दाखवूं लागलीं. त्याला तीं रोज 'हबशी' म्हणून चिडवितात, हें मला त्या दिवशीं कळलें.

प्रश्न वेडगळ नव्हता. परदेशांतील कांहीं लेखकांनीं तसें लिहिलेंही आहे. पण मला तें पटत नाहीं. बुद्ध कपिलवस्तूचा शाक्य. मस्तकावरचे ते वळे ही मूर्तिकारांची रीत. खोट्या पुराव्यानें कोणाचाच मान वाढत नाहीं. ब्राह्मण जन्मानें कीं कर्मानें, या वादांत बुद्धानें कर्माचा पक्ष घेतला, एवढें मला पुरे आहे. त्याच लेण्यांच्या शिलालेखांत शेजारच्या कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर एका लोहाराचेंही दान कोरलेलें आहे.

आतां त्या हंसण्याकडे वळूं. हबशी म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाकडचा माणूस. तिकडचा एक मुलगा सुमारें १५४८ सालीं जन्मला, गुलाम म्हणून बाजारोबाजार विकला गेला आणि शेवटीं अहमदनगरच्या निजामशाहींत आला. त्याला तेथें विकत घेणारा चेंगीजखान हाही हबशीच, आणि पूर्वीं गुलामच! तो मुलगा म्हणजे मलिक अंबर. १६०० सालीं मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हां अंबरानें निजामशाही घराण्यांतला वारस गादीवर बसवून राज्य पुन्हां उभें केलें आणि पंचवीस वर्षें मोगलांस दक्षिणेंत सुखाची झोप येऊं दिली नाहीं.

कशाच्या जोरावर? तोफा आणि हत्ती मोगलांचे अधिक. अंबरापाशीं होते आपले मराठे बारगीर : कुणब्यांचीं पोरें, चपळ घोडीं, पडशींत भाकरी. समोरासमोर झुंजावयाचें नाहीं. रसद तोडावयाची, रात्रीं छावणीवर पडावयाचें, डोंगरांत पसार व्हावयाचें. १६२४ सालीं अहमदनगरजवळ भातवडीस मोगल व विजापूरकर मिळून चालून आले. अंबरानें तलाव फोडून त्यांच्या वाटेंत चिखल केला आणि मग त्यांस झोडपलें. शहाजीराजे त्या दिवशीं अंबराच्या बाजूनें लढले; त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. शिवाजीमहाराज जन्मण्यापूर्वींच गनिमी काव्याची तालीम मराठ्यांच्या घरांत अशी झाली होती. घोडा आणि डोंगर आपला, डाव हबशाचा. ती विद्या दोघांची.

बादशहा जहांगीर आपल्या रोजनिशींत त्याला काळतोंड्या म्हणे. अंबर हातीं सांपडेना, म्हणून भाल्यावर खोंचलेल्या त्याच्या शिराला आपण बाण मारीत आहों असें चित्रच बादशहानें काढवून घेतलें! अंबर मात्र १६२६ सालीं, ऐंशीच्या घरांत, आपल्या मरणानें मेला. त्याची कबर खुलताबादेस आहे. त्यानें वसविलेली खडकी म्हणजे पुढचें औरंगाबाद, आतांचें छत्रपति संभाजीनगर; तेथल्या लोकांस जमिनीखालून पाणी आणणारी नहरही त्याचीच.

कोणी म्हणेल, गुरुजी, जंजिऱ्याच्या सिद्दीनें कोकण जाळलें त्याचें काय? जाळलें, खरें आहे. पण १६६० सालीं पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर, तसा तो वेढा फोडावयास महाराजांकडून गेलेला हिलाल हाही सिद्दीच. हिलालचा मुलगा वाहवाह तेथें जखमी होऊन शत्रूच्या हातीं लागला. यांतला आपला कोण आणि परका कोण, हें कातडीवरून कसें ओळखणार?

जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेंतल्या ज्या भल्या लोकांनीं काळ्या गुलामांस दास्यांतून सोडविलें, त्यांस ती अर्पण केली. पुण्याच्या माळ्याच्या मुलाला समुद्रापलीकडच्या त्या काळ्या माणसाचें दुःख घरचें वाटलें. तें पुस्तक शाळेंत ठेविलें आहे. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं रविवारीं दिवेलागणीस यावें, मी वाचून दाखवीन. मुलांसही बरोबर आणावें, विशेषतः जीं हंसलीं त्यांस.