दहावीचे इंग्रजी आणि आपण पालक
(मंडळाच्या गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 गणपती बाप्पा मोरया!

आत्ता गुणवंतांची यादी वाचली गेली. सत्तर टक्क्यांच्या वरची ही मुले. त्यांचे मनापासून अभिनंदन. पण टाळ्या वाजवताना आम्हाला यादीत नसलेली मुलेही आठवत होती. बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

आम्ही म्हणजे कोण? दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी याच हॉलमध्ये दहावीच्या मुलांचे इंग्रजी घेणारे तिघे. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक शिक्षिका ताई आणि तिसरा आत्ता माईकसमोर उभा असलेला सरकारी नोकर. तिघेही मराठी शाळेत शिकलेले. इंग्रजीची पदवी कोणाकडेच नाही. या तिसऱ्याला दहावीला इंग्रजीत काठावरचे गुण होते. डिप्लोमाला गेला तर पुस्तके इंग्रजी, पेपरही इंग्रजी. पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. विषय कळत होता, प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हते. घरी सांगायला तोंड नव्हते. आज ऑफिसात पत्रे गुजरातीत लिहितो, टेंडरची जाड पुस्तके इंग्रजीत वाचतो आणि जेवणाच्या सुट्टीत मराठीत बोलतो. पण ते पहिले सत्र अजून विसरलेला नाही. म्हणून हा वर्ग.

सुरतेत मराठी माणसाने इंग्रजी शिकवणे ही काही नवी गोष्ट नाही. मराठी व्याकरणाचे ग्रंथकार दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्या या शहरात इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापली, तेव्हा दादोबा त्यांच्याबरोबर होते. पुढे तर्खडकर याच आडनावाच्या द्वारकानाथ राघोबांनी भाषांतर पाठमाला लिहिली. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कितीतरी जण त्या तीन भागांवर इंग्रजी शिकले. या परंपरेतून आम्ही एकच गोष्ट घेतली. मराठी पक्के असेल तर इंग्रजीला पाया आयता मिळतो. मराठी विसरायला लावून इंग्रजी येत नाही.

दुसरी गोष्ट अहमदाबादची. एका मराठी मुलाने मार्च १९६० मध्ये शालान्त परीक्षा मराठी माध्यमातून दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी गुजरात राज्य वेगळे झाले. तो सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात शिकू लागला. पहिले वर्ष झाल्यावर गुजरात विद्यापीठाच्या नियमामुळे पुढच्या वर्गात इंग्रजीतून शिकण्याची परवानगी मिळेना. माध्यम गुजराती किंवा हिंदी. त्याचे वडील श्रीकृष्ण रंगनाथ मुधोळकर कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये निकाल लागला की विद्यापीठाला गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासात हा खटला आजही शिकवतात. आम्हाला त्यात दोन गोष्टी दिसतात. अकरावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजी वर्गात बसायला घाबरला नाही. आणि बाप त्याच्या मागे उभा राहिला.

आता आपल्या मुलांकडे येऊ. गांधीनगरच्या बोर्डाचा दहावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, शाळेचे अंतर्गत गुण २०, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. उतारा वाचून उत्तरे, व्याकरण, ईमेल, अहवाल, चित्र पाहून लिहिणे. यातले बरेचसे पाठ करून येण्यासारखे नाही. तरी आपण मुलांना काय देतो? गाईड, ‘आयएमपी’ची झेरॉक्स आणि पाठ करायला दहा निबंध.

डिंडोलीची एक मुलगी आमच्याकडे आली ती नापास होऊन. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी. चार भाषा सहज बोलणारी मुलगी, पण पाचवीच्या नावाने घाम फुटायचा. पेपरात ईमेल विचारले होते, तिने आवडत्या शिक्षकांवरचा पाठ केलेला निबंध अक्षर न चुकवता उतरवला. “काका, दुसरे काही येतच नव्हते,” म्हणाली. त्याआधी घरात चर्चा सुरू झाली होती की आता शाळा पुरे, साडीच्या कामाला बसू दे.

आम्ही तिचे गाईड बंद करून ठेवले आणि मराठीपासून सुरुवात केली. ‘आई पोळी करते.’ मराठीत क्रियापद शेवटी बसते, इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येते. ‘टेबलावर’ मधला ‘वर’ मराठीत मागे चिकटतो, इंग्रजीत ‘ऑन’ पुढे येऊन उभा राहतो. मराठीत मी जातो, तू जातोस, ती जाते, ते जातात. क्रियापद सारखे रूप बदलते आणि आपण कधी चुकत नाही. इंग्रजीत ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एकवचनी नाम आले की ‘गो’चे ‘गोज’ होते, बाकी कर्त्यांना ‘गो’च. मग तेवढे एक लक्षात ठेवायला काय कठीण?

‘अ’ आणि ‘द’ तर आजीच्या गोष्टीत आहेत. एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा भेटला तो ‘एक’ राजा, म्हणजे ‘अ किंग’. ओळख झाली की ‘तो’ राजा, म्हणजे ‘द किंग’. सगळे नियम यात बसत नाहीत, पण निम्म्या चुका इथेच थांबतात. हे सांगितले तेव्हा ती मुलगी हसली. वर्गात पहिल्यांदाच.

मग रोज पाच वाक्ये, स्वतःच्या आयुष्यातली. आज नळाला पाणी उशिरा आले. दादा रात्रपाळीला गेला. चुकली तरी स्वतःची. ताई लाल पेनाने एकावेळी एकच प्रकारची चूक दाखवायच्या. सगळे पान लाल केले की मूल वही उघडतच नाही, हा त्यांचा अनुभव.

आणि खरे काम केले तिच्या आईने. आई सातवी शिकलेली, घरी साड्यांवर टिकल्या लावायचे काम करते. इंग्रजी येत नाही. आम्ही तिला एवढेच सांगितले, की रोज संध्याकाळी मुलीने इंग्रजी धडा तुम्हाला आपल्या भाषेत सांगायचा. आईचे हात साडीवर, कान मुलीकडे. “मग त्या माणसाने असे का केले?” असे आई विचारायची. उत्तर देता आले नाही की मुलगी पुन्हा पुस्तक उघडायची. उतारा समजून घेणे म्हणतात ते हेच. त्यासाठी आईला इंग्रजी यावे लागत नाही.

पालकहो, “आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?” असे म्हणू नका. मुलांना रोज अर्धा तास द्या. टीव्ही बंद ठेवा. धडा मराठीत ऐका, अहिराणीत ऐका. पाच वाक्ये लिहिली का, एवढे विचारा. शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. आणि हे फेब्रुवारीत नको, आजपासून करा.

ती मुलगी पूरक परीक्षेत पास झाली. इंग्रजीत १०० पैकी ४१. अकरावीला गेली. गेल्या रविवारी येऊन धाकट्या मुलांच्या वह्या तपासत बसली होती. एका वेळी एकच प्रकारची चूक दाखवत.

कार्यकारिणीला आमची विनंती आहे. सत्तर टक्क्यांची यादी राहू द्या, ती मुलांनी कष्टाने कमावली आहे. पण पुढच्या वर्षी एक नारळ आणि एक फूल दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्यांसाठीही ठेवा. त्यांच्या आई-वडिलांनाही बरोबर बोलवा. आणि तुमच्यापैकी ज्यांना रविवारचे दोन तास देता येतील, त्यांनी या. पदवी लागत नाही. खुर्च्या आम्ही लावून ठेवू.

आज ती मुलगी मागच्या रांगेत आईशेजारी बसली आहे. नाव घेत नाही, तिला संकोच वाटेल. तुम्ही मात्र एकदा तिच्यासाठी टाळ्या वाजवा.

गणपती बाप्पा मोरया!