ट्रॅक्टरला गल्लीबंदी कोण करतं?
पूर्वी ग्रामपंचायत असलेल्या वरणगावात आता नगरपरिषद आहे. वाळूचे डंपर, मालानं भरलेले ट्रॅक्टर अरुंद गल्लीत शिरू लागले, की लोक नगरसेवकाला गाठतात. पण सभेत हात वर झाले म्हणून बंदी लागत नाही. पाणी, गटार, दिवाबत्ती हे सभेच्या हातातले विषय. वाहनांचं तसं नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५नुसार तो अधिकार राज्य शासनाचा, किंवा शासनानं नेमलेल्या प्राधिकरणाचा. बंदी महिन्याहून जास्त काळाची असेल, तर राजपत्रात अधिसूचना हवी. नगरपरिषदेचा ठराव म्हणजे फार तर जोरदार शिफारस. आणि ठराव बेकायदा वाटला, तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

वाहनांचा प्रश्न गावपातळीवर सुटत नाही, याचं उदाहरण म्हणून माथेरान पाहा. तिथं मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्यावी, एवढी साधी मागणी. तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२२मध्ये प्रायोगिक फेऱ्या सुरू झाल्या.

तेव्हा बंदीसाठी अर्ज कराल, तर त्यात नुसतं ‘ट्रॅक्टर बंद करा’ लिहू नका. गल्ली कोणती, वेळ कोणती, पर्यायी रस्ता कुठला, ते लिहा. शेतमाल घरी यायलाही वाट लागतेच ना!