मॅडम, एक ग्रुप दाखवा ना!

(हुडकेश्वर येथील माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हुडकेश्वरला भेटायचं ठरलं, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान निघालं : प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं आणि समजेल असं बोलायचं. दुसरी अट बहुतेक माझ्यासाठीच होती. मी कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. त्यातला माझा विषय ग्रुप थिअरी. हा ग्रुप वेगळा. यात सकाळी सहाला 'सुप्रभात' येत नाही.

आधी एक कबुली देते. कितीतरी वर्षं मी हा विषय फळ्यावर व्याख्या, प्रमेय, सिद्धता याच क्रमाने शिकवला. मुलं पाठ करायची, परीक्षेत उतरवायची, पास व्हायची. एक दिवस मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, एक ग्रुप दाखवा ना!" मी पुन्हा व्याख्याच सांगितली. ती "हो मॅडम" म्हणून बसली. तो "हो मॅडम" मला घरापर्यंत टोचत राहिला.

त्या रात्री आठवला तो आपल्या शाळेतला पुठ्ठ्याचा चौरस. भूमितीच्या तासाला बाईंनी जुन्या वहीचं पुठ्ठं कापून तो करायला लावला होता आणि विचारलं होतं, "डोळे मिटा. मी चौरस हलवून परत त्याच जागी ठेवला, तर तुम्हाला कळेल का?" फिरवण्याचे चार प्रकार आणि उलटवण्याचे चार, असे आठ बदल होतात. दोन बदल लागोपाठ केले, तरी निघणारा बदल या आठांतलाच असतो, आणि केलेला प्रत्येक बदल परत फिरवता येतो. हाच ग्रुप! बाईंनी तो आपल्याला सातवीत दाखवला होता, फक्त नाव सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पुठ्ठं आणि कात्री घेऊन गेले. पण पुठ्ठ्यालाही मर्यादा आहेत. आठ बदल हाताने होतात, चोवीस करताना गोंधळ उडतो. तिथे मला 'गॅप' नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. जर्मनीतल्या आखेन शहरात १९८६ साली योआखिम नॉयब्युझर यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं. ते मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं. ग्रुपचा आकार सांगा, तेवढ्या आकाराचे ग्रुप किती, हे ते सांगतं. १५ आकाराचा ग्रुप एकच. १७ चाही एकच. आणि मधल्या १६ चे १४! ३२ चे ५१, तर ६४ चे २६७. ही यादी पडद्यावर आली आणि पहिल्यांदाच माझ्या वर्गात कुणी न सांगता "असं का?" असं विचारलं.

मग आम्ही भास्कराचार्यांकडे गेलो. 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे देता येतील? उत्तर २४. आपले आजोबा संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घ्यायचे, ती याच चोवीस मूर्तींची. एका मूर्तीची दुसरी करायची तर आयुधांची अदलाबदल करावी लागते. अशा अदलाबदली २४, आणि त्यांचा ग्रुप होतो. त्यातल्या ज्या अदलाबदली दोन-दोन आयुधांच्या सम संख्येच्या बदल्यांनी होतात, त्या १२. त्यांचाही एक ग्रुप होतो.

लाग्रांजचं प्रमेय सांगतं की ग्रुपच्या पोटातल्या छोट्या ग्रुपचा आकार मोठ्याच्या आकाराला भागतोच. मुलांनी उलट अंदाज बांधला : मग प्रत्येक भाजकाचा छोटा ग्रुप सापडायलाच हवा. बरीच उदाहरणं तपासली, सगळीकडे जमलं. मग या १२ च्या ग्रुपची पाळी आली. गॅपने दहा उपगट दिले. त्यांचे आकार १, २, ३, ४ आणि १२. सहाचा एकही नाही! वर्ग गप्प झाला.

सॉफ्टवेअरने 'नाही' एवढंच सांगितलं. 'का नाही' हे शोधायला आम्हाला दोन तास फळ्यावर घालवावे लागले. निम्म्या आकाराचा उपगट असेल, तर कुठलाही बदल दोनदा केल्यावर मिळणारा बदल त्यात असावाच लागतो. इथे तीन आयुधं गोल फिरवणारे आठ बदल आहेत आणि त्यातला प्रत्येक दुसऱ्या कुठल्या तरी बदलाला दोनदा केल्यावर मिळतो. म्हणजे सहा जागांत आठ जण बसवायचे! हे कारण सांगितलं त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच.

आता माझी चूक सांगते. २० आकाराचे पाच ग्रुप आहेत. गॅपला त्यांचं वर्णन विचारलं, तर त्यातल्या दोघांचं वर्णन अगदी एकच छापून येतं. एका मुलाने लिहिलं, 'म्हणून हे दोन ग्रुप एकच.' मी बरोबरची खूण केली. रात्री झोप येईना. एकच असते, तर यादीत दोनदा का आले असते? उठून दोघांचं केंद्र काढलं. केंद्रात असे घटक येतात, जे कुणाच्याही आधी करा किंवा नंतर, परिणाम तोच. पहिल्याच्या केंद्रात दोन घटक निघाले, दुसऱ्याच्या केंद्रात एकच. नाव एक, ग्रुप दोन. आपल्या वर्गात एकाच नावाचे दोघे होते, आठवतं ना? हजेरीला सर 'उंच' आणि 'ठेंगणा' म्हणायचे, तसंच हे. सकाळी वर्गात मी चूक कबूल केली, खूण खोडली आणि त्या मुलाला दोन्ही केंद्रं स्वतः काढायला लावली. छापून आलेल्या उत्तरावर मीच विसंबले, तर मुलांना काय सांगणार?

तेव्हापासून माझ्या वर्गात एक नियम आहे. आधी अंदाज वहीत लिहायचा, मग संगणकाला विचारायचं, आणि शेवटी कारण स्वतः शोधायचं. मधली पायरी यंत्राची, बाकीच्या दोन आपल्या. बाईंनी चौरस हलवण्याआधी विचारलं होतं, "कळेल का?" तो अंदाजाचाच प्रश्न होता.

शाळेला एक विनंती आहे. संगणकाच्या खोलीत एखादा शनिवार मला द्या. पुठ्ठं आणि कात्री मी घेऊन येईन, गॅपही घालून देईन. बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, सुरुवातीचा प्रश्न मात्र तुम्हीच विचारायचा.