म्हातारीचा भोपळा पुढं कुठं गेला?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



संयोजकांचा मला फोन आला, "तू सॉफ्टवेअरमधली. एआयवर बोल, दहा मिनिटं." मी म्हटलं, त्यावर आपली मुलंच आपल्याला शिकवतील, मी गाण्यावर बोलते. पलीकडे थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. कारण सरळ आहे. गॅदरिंगमधलं माझं गाणं ज्यांना आठवतं, त्यांना हेही आठवतं की सातवीत मी गाण्याचा क्लास सोडला.

का सोडला, ते आज सांगून टाकते. मला राग पाठ होते. आरोह, अवरोह, वादी, संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय. भूपाचा गानसमय रात्रीचा पहिला प्रहर, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण रात्रीच्या पहिल्या प्रहरी बसून भूप एकदाही ऐकला नव्हता. परीक्षेत मार्क चांगले पडले आणि परीक्षा संपल्यावर गाणंही संपलं. आठवीत गाण्याचा तास गणिताला दिला गेला, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. बाई, माफ करा.

हे सगळं पुन्हा वर आलं ते लेकीमुळे. ती सात वर्षांची होती. एका रविवारी मी किशोरीताईंचा भूप लावला. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "आई, या एकच ओळ सारखी का म्हणतायत? पुढची विसरल्या का?" मला हसू आलं, आणि मग उत्तर देता येईना. वादी-संवादी येत होतं, या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.

म्हणून मी पुस्तक करायचं ठरवलं. ए-फोर कागद मधोमध दुमडून, स्टेपलर मारून. मला चित्रं येत नाहीत. माझी माणसं फ्लोचार्टमधून उठून आल्यासारखी दिसतात. मी रेघा मारायच्या आणि लेकीनं रंगवायचं, असं ठरलं.

पहिलं पुस्तक तानसेनाचं केलं, दुसरं सुचणार काय? अकबराचा दरबार, दीपक राग, आपोआप पेटणारे दिवे. लेकीला फार आवडलं. रात्री तिनं देवघरातलं निरांजन आणलं, वात घातली, तूप घातलं, मोबाइलसमोर ठेवलं आणि म्हणाली, "लाव दीपक." मी शोधून लावला. ती दहा मिनिटं वातीकडे टक लावून बसली. मग उठली आणि म्हणाली, "खोटं आहे."

चूक माझी होती. त्या गोष्टीत गाणं ऐकण्याचं काही कारणच नव्हतं. दिवे पेटले की झालं! गाणं म्हणजे काडेपेटी. मुलांसाठी संगीतावरची चित्रांची पुस्तकं नंतर मी बरीच चाळली. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांचं हेच होतं. पाऊस पडतो, दगड पाझरतो, राजा गळ्यातला हार काढून देतो. पान मिटल्यावर कानाला काही काम उरत नाही.

दुसरं पुस्तक करताना चमत्कार काढून टाकले. एक जिना काढला. सात पायऱ्यांतल्या दोन, म आणि नी, मोडलेल्या. उरल्या सा, रे, ग, प, ध. त्या जिन्यावर दोन बहिणी राहतात. थोरली भूप, संध्याकाळी दिवेलागणीला येते, सगळीकडे फिरते, पण टेकते ती पुन्हा पुन्हा ग वर. धाकटी देशकार, सकाळची, सरळ वर पळते आणि ध वर जाऊन बसते. पायऱ्या त्याच, जिना तोच. एवढीच गोष्ट, सहा पानांची. मग दोन्ही राग लावायचे आणि बोट जिन्यावर ठेवायचं. आत्ता कोण आलंय? कुठं बसलीय? लेक पाचातल्या तीनदा बरोबर सांगायला लागली. मी दोनदाच. आणि एक दिवस तिनंच जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं: "त्या विसरल्या नव्हत्या गं. दर वेळी वेगळ्या वाटेनं त्याच पायरीवर येत होत्या."

आपल्या वर्गातली एक मैत्रीण गाते, समोरच बसली आहे. ती मला रागावली. राग म्हणजे पायरीवर बसणं नव्हे, चलन असतं, स्वरांचा लगाव असतो, देशकारातला ध नुसता उंच नसतो, असं बरंच. तिचं सगळं बरोबर आहे. पण मूल आधी जिन्यापाशी तर यायला हवं.

आता भोपळ्याकडे येते. लेकीच्या जागेवर बसून मी माझ्या लहानपणाकडे पाहायला लागले, तेव्हा लाज वाटली. मंडळी, आपण दहा वर्षं मिरजेत शाळा शिकलो. सतारमेकर गल्लीतून सायकली दामटल्या. दारात वाळत घातलेले भोपळे पाहून आपण काय केलं? त्यांवर टिचक्या मारून पळालो. कारागीर ओरडायचे ते आठवतंय ना? ते भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात, तारा छेडणाऱ्या अनेक घरांत इथून जातात, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपण विचारलंही नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी ती बातमी पुण्यात बसून फोनवर वाचली.

म्हातारीच्या भोपळ्याची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. आमचं तिसरं पुस्तक तिथून सुरू होतं. म्हातारी लेकीकडून घरी पोचली, भोपळ्यातून उतरली. मग त्या भोपळ्याचं काय झालं? तो घरंगळत मिरजेला आला. हा भोपळा कडू, त्याची भाजी होत नाही, म्हणून तो वाचला. इथं त्याला वाळवलं, कापला, लाकडी दांडी जोडली, खुंट्या बसवल्या, घोडी बसवली, चार तारा लावल्या. ज्यांनी हे केलं त्यांचे पूर्वज हत्यारं घडवणारे, धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात त्यांतले काही वाद्यांकडे वळले. हे पान मुलांना फार आवडतं. एका हातात तलवार, पान उलटलं की त्याच हातात तार.

गेल्या दिवाळीत लेकीला घेऊन त्या गल्लीत गेले. एका कारागीर काकांनी तिला तानपुऱ्याजवळ बसवलं. तार छेडली, तर ती मुकी, ठोंबी वाजली. मग त्यांनी घोडीवर तारेखाली एक सुताचा दोरा घातला आणि तिला म्हणाले, "सरकव हळूहळू." तिनं अगदी जरासा सरकवला. एका जागी तार उघडली. घर भरून गेलं. याला जवारी म्हणतात, शब्द मला परीक्षेसाठी पाठ होता. लेक कान लावून बसली आणि म्हणाली, "आई, आत अजून कुणीतरी गातंय. आपण ती तार वाजवलीच नाही." तो गांधार होता. खर्जाची तार नीट लागली की तो आपोआप ऐकू येतो. सातवीतल्या मला हे लिहिता आलं असतं. ऐकू आलं ते त्या दिवशी, सेहेचाळिसाव्या वर्षी.

या पुस्तकात एक पान आम्ही कोरं ठेवलंय. तिथं पोचलं की तानपुरा लावायचा आणि ऐकू येईल ते मुलानं काढायचं. आमच्या सोसायटीतल्या एकानं मधमाश्या काढल्या. एकानं नुसतं पान पिवळं केलं.

भीमसेनजींवरही पुस्तक आहे. गदगचा मुलगा, खाँसाहेब अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकतो आणि अकराव्या वर्षी गुरू शोधायला घरातून पळतो, रेल्वेनं, खिशात पैसे नाहीत. एक आई म्हणाली, मुलांना पळून जायला शिकवताय का? मग मी वडील शोधत येतात ते पान मोठं केलं. पण त्या तबकडीतले खाँसाहेब आपल्या मिरजेत राहिले, इथल्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथं रात्र रात्र गाणं होतं. आपण उरुसाला गेलो ते पाळण्यात बसायला.

लेक गायिका होणार का, असं सगळे विचारतात. नाही. ती बॅडमिंटन खेळते. क्लासला जा म्हटलं तर जात नाही, मीही म्हणत नाही. फक्त गृहपाठ करताना कधी कधी म्हणते, "तानपुरा लाव."

आता मागणी. मेळाव्याच्या निधीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरलंय, जरूर द्या. उरलेल्या पैशांत पाचवीच्या मुलांसाठी एक खरा तानपुरा, इथल्याच गल्लीतला, आणि अशा पुस्तकांची एक पेटी द्यावी, असं मला वाटतं. मजकूर मी लिहीन. शेवटच्या बाकावर बसून सरांची चित्रं काढणारा आपला मित्र आज आलाय. सर, त्याला तेव्हा तुम्ही वर्गाबाहेर उभं केलं होतं, आता आत बोलवा. गाणाऱ्या मैत्रिणीनं माझ्या चुका काढाव्यात. महिन्यातून एक शनिवार गल्लीतल्या कुणा कारागिरांना वर्गात बोलवावं.

तिन्ही-चारी पुस्तकं जेवणाच्या मांडवात डाव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहेत. बघा, पण आधी हात धुवा. आज जिलेबी आहे.