गोळा धातूचा, वाटी प्लास्टिकची

यंत्राचा एखादा भाग कशाचा करावा, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुतेकांच्या मनांत प्रथम धातूच येतो. पोलाद तेवढें टिकाऊ आणि प्लास्टिक तें तकलादू, ही समजूत आपल्याकडे घरोघर रुजलेली आहे. कंगव्याचे दांत मोडतात, बादली तडकते, परंतु आजीचा अडकित्ता नातसुनेच्या हातींहि चालतो, हें प्रत्येकानें पाहिलेलें असतें. उलटपक्षीं, नव्याची हौस असलेल्या कारखानदारास प्लास्टिक हलकें, न गंजणारें आणि आवाज न करणारें म्हणून जेथें तेथें बसवावेंसें वाटतें. या दोन्ही मतांत दोष मात्र एकच आहे. पदार्थ चांगला कीं वाईट, एवढेंच दोघे विचारतात. त्या भागाला काम कोणतें करावयाचें आहे, हें कोणीच विचारीत नाहीं.

लेथवर कांतून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप साधावयाचें असतें, तेथें पदार्थाचा स्वभाव ताबडतोब उघडा पडतो. १०० मिलिमीटर लांबीची पोलादी दांडी सकाळीं २० अंश उष्णतामानांत मोजली आणि दुपारीं ४० अंशांत पुन्हा मोजली, तर ती सुमारें ०.०२ मिलिमीटरनें वाढलेली आढळते. तेवढीच दांडी ॲसिटल या प्लास्टिकची असेल, तर ती सुमारें ०.२ मिलिमीटरनें, म्हणजे जवळजवळ दहापट वाढते. नायलॉनची आणखी एक खोड आहे. तें हवेंतील ओलावा शोषून फुगतें, आणि उन्हाळ्यांत ठीक बसलेला त्याचा बुश पावसाळ्यांत दांडीला आवळूं लागतो. ताठपणांत तर पोलाद या दोहोंच्या पन्नास पटींहून अधिक सरस आहे. शिवाय प्लास्टिक चकमध्यें घट्ट धरलें कीं दबतें, आणि त्या स्थितींत बिनचूक गोल कांतलेलें भोंक चक सैल करतांच अंडाकृति होतें.

परंतु तराजूचें दुसरें पारडेंहि रिकामें नाहीं. ॲसिटलचें वजन पोलादाच्या पांचव्या हिश्शाहून कमी भरतें. तें पाण्यांत गंजत नाहीं, आणि वंगणाचा थेंब मिळाला नाहीं तरी धातूवर सुखानें घसरतें. तेल आटलें असतां दोन पोलादी पृष्ठभाग मात्र एकमेकांस घट्ट धरून बसतात. यावरून सामान्य नियम असा निघतो कीं, भार मोठा, उष्णता अधिक आणि माप अचल हवें, तेथें धातु घ्यावा; आणि घसरण, ओल व वंगणाचा अभाव असेल, तेथें प्लास्टिकचा विचार करावा. हा नियम खरा आहे, परंतु पुरेसा नाहीं. तो पुरेसा कां नाहीं, हें मनुष्याच्या शरीरांत बसविलेल्या एका सांध्याच्या इतिहासावरून जसें कळतें, तसें क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल.

आपल्या खुब्यांत मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतो. हा उखळीचा सांधा संधिवातानें झिजला म्हणजे एकेक पाऊल टाकणें ही शिक्षा होऊन बसते. इंग्लंडमध्यें लँकेशायर परगण्यांतील राइटिंग्टन रुग्णालयांत जॉन चार्नली नांवाचे शस्त्रवैद्य या दुखण्यावर उपाय शोधीत होते. १९५८ च्या सुमारास त्यांनीं गोळा पोलादाचा आणि वाटी टेफ्लॉनची अशी योजना केली. टेफ्लॉनइतकें गुळगुळीत प्लास्टिक दुसरें नाहीं; तेव्हां कमींत कमी घर्षण म्हणजे उत्तमांत उत्तम सांधा, हा त्यांचा तर्क होता. आरंभीं यशहि अपूर्व आलें. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेलीं माणसें चालूं लागलीं, आणि सुमारें ३०० रुग्णांना असे सांधे बसविण्यांत आले.

पुढें दोनतीन वर्षांतच भ्रम फिटला. पोलादी गोळ्यानें टेफ्लॉनची वाटी खोल कुरतडली होती, आणि तिचा कीस भोंवतालच्या मांसांत साठून तेथें सूज व गांठी उत्पन्न झाल्या होत्या. ज्यांना चालतें केलें, त्यांच्यावरच पुन्हा शस्त्रें चालवावीं लागलीं. जें सहज घसरतें तें झिजतहि नाहीं, असें गृहीत धरलें गेलें होतें. वस्तुतः हे दोन गुण अगदीं निराळे आहेत.

याच सुमारास, १९६२ मध्यें, एक विक्रेता रुग्णालयांत एका नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. तें अतिदीर्घ रेणूंचें पॉलिएथिलीन होतें, आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांसाठीं त्याचीं दांतेरी चाकें करीत असत. चार्नली यांनीं त्यांत नख रुतवून पाहिलें आणि तें निरुपयोगी ठरविलें. परंतु त्यांच्या प्रयोगशाळेंतील कारागीर हॅरी क्रेव्हन यांनीं तो तुकडा टाकून दिला नाहीं. चार्नली परदेशीं परिषदेस गेले असतां क्रेव्हन यांनीं तो झिजेच्या यंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालूं ठेविलें. तीन आठवड्यांनंतरची त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहूनहि कमी भरली. तरीहि चार्नली यांनीं घाई केली नाहीं. दोन्ही प्लास्टिकांची पूड त्यांनीं स्वतःच्या मांडींत घालून घेतली. टेफ्लॉनच्या जागीं गांठी आल्या, नव्या प्लास्टिकच्या जागीं आल्या नाहींत. नोव्हेंबर १९६२ पासून वाट्या पॉलिएथिलीनच्या होऊं लागल्या, आणि पोलादी गोळा व ही वाटी यांची जोडी जगभर पसरली.

पॉलिएथिलीनहि सर्वस्वीं निर्दोष नव्हतें. दीर्घकाळांत त्याचाहि सूक्ष्म कीस पडे आणि त्यापायीं जवळचें हाड विरून जाई. म्हणून किरणांच्या साह्यानें त्याचे रेणु एकमेकांशीं बांधून झीज पुष्कळ कमी करण्यांत आली. कांहींनीं मात्र उलट मार्ग धरला आणि गोळा व वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचीं केलीं. प्रयोगशाळेंतील यंत्रावर हा सांधा फारच थोडा झिजे. शरीरांत मात्र वाटी किंचित् तिरपी बसली कीं तिची कड घासे आणि कोबाल्ट रक्तांत उतरे. अशा धर्तीचा एक सांधा २०१० मध्यें जगभरच्या बाजारांतून परत घ्यावा लागला. भारतांतील रुग्णांनाहि त्याची झळ लागली.

या साऱ्या इतिहासांत विजय ना धातूचा झाला, ना प्लास्टिकचा. विजय झाला तो योग्य जोडीचा. ‘प्लास्टिक’ हें एका पदार्थाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे, आणि त्या कुळांतील दोन भाऊ वागण्यांत पोलाद व शिसें यांच्याइतके भिन्न असूं शकतात. म्हणून भागाचें चित्र काढण्यापूर्वींच त्याचा सोबती कोण, भार किती, ऊन व ओल किती, आणि झीज झाल्यास कीस कोठें जाणार, हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांचीं उत्तरें देतांना तर्काला अनुभवाची जोड हवी. नख रुतवून दिलेला निकाल चुकला. यंत्रावर तीन आठवडे घासून घेतलेला निकाल टिकला. कारखाना मोठा असो वा एका लेथचा असो, नमुन्याचा भाग प्रत्यक्ष कामाला जुंपून पुन्हा मोजण्याइतका धीर ज्याच्यापाशीं आहे, त्याचीच निवड सहसा चुकत नाहीं.