कलमाची किंमत आणि फळाचा हिशोब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे एखाद्या विदुषी बाईंचे व्याख्यान असते. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विषयही असा, की नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. निरनिराळ्या देशांचे शेअरबाजार, आणि त्यांत स्वस्त कोणता व महाग कोणता हे ओळखायचे कसे, हा माझा विषय. मी तो पुस्तकातून शिकले नाही. पैसे घालवून शिकले. म्हणून तर बोलायला उभी राहिले आहे.

आपणा सर्वांना ठाऊक आहे, की महामार्गाच्या रुंदीकरणात आपल्या तिठ्याजवळच्या कितीतरी जणांची जागा गेली. आमचीही सात कलमे गेली. त्यांचे पैसे बँकेत आले, तेव्हा घरात प्रथमच एवढी रक्कम एकदम दिसली. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी रत्नागिरीस ठेवायचे होते. त्यासाठी ती रक्कम राखून ठेवावी असे ठरले. यजमान दुकानात गुंतलेले, तेव्हा कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले.

त्याच सुमारास, म्हणजे २०२२ च्या जानेवारीत, आमचा मुंबईचा पुतण्या घरी आला होता. त्याने फोनवर एक तक्ता दाखवला. एका बाजूस देशांची नावे, आणि समोर दोन आकडे. तो म्हणाला, "काकू, हा पहिला आकडा म्हणजे तिथला बाजार किती महाग आहे ते, आणि दुसरा म्हणजे लाभांश किती मिळतो ते." मला काहीच उमगले नाही. मग तोच म्हणाला, "तुम्ही बाग विकत घेताना काय बघता?"

भगिनींनो, इथे माझी गाठ सुटली. समजा, एक बाग दहा लाखांना मिळते आहे. खत, फवारणी, राखण, मजुरी सर्व वजा जाता वर्षाला पन्नास हजार शिल्लक राहतात. म्हणजे बागेचा भाव तिच्या वर्षाच्या कमाईच्या वीसपट झाला. शेअरबाजारात भावाला नफ्याने भागून जो आकडा येतो, तो हाच. शहाणे लोक त्याला पी-ई म्हणतात. आता त्या पन्नास हजारांपैकी पस्तीस हजार आपण नवी कलमे लावायला आणि विहीर खोल करायला घातले, आणि पंधरा हजार घरी आणले, तर दहा लाखांवर दीड टक्का हातात पडला. हा झाला लाभांशाचा उतारा. तिसरा आकडाही असतो. कंपनीच्या वह्यांत तिच्या मालमत्तेची जी किंमत लिहिलेली असते, तिच्या किती पट बाजारभाव आहे, तो. तीनही आकडे चौथीच्या भागाकाराचे आहेत. त्यांचा अर्थ लावणे मात्र चौथीचे काम नव्हे.

त्या तक्त्यात सर्वांत स्वस्त देश रशिया होता. भाव कमाईच्या पाच-सहा पटींच्या आसपास, आणि लाभांश आपल्या बाजारापेक्षा कितीतरी जास्त. मी म्हटले, "अरे, मग सगळे तिकडेच का जात नाहीत?" सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाग स्वस्त मिळाली, तर आधी वाटेचा हक्क विचारावा." आम्ही दोघे हसलो. पुढे २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर सैन्य घातले. २८ तारखेपासून मॉस्कोचा शेअरबाजार जवळजवळ महिनाभर बंद राहिला. उघडल्यावरही परक्या देशांतील लोकांना आपले शेअर विकता येईनात. जून महिन्यात तिथल्या गॅझप्रॉम या मोठ्या गॅस कंपनीच्या सभेत आधी सुचवलेला लाभांश नामंजूर झाला. बाग होती, फळही होते, पण वाट बंद झाली. आमचा त्यात पैसा नव्हता, पण सासूबाईंचे ते वाक्य मी विसरू शकले नाही.

विसरले नाही म्हणते, पण वागले मात्र उलट. परदेशाचा नाद सोडून मी आपल्याच देशातील एक कंपनी शोधली. तिचा लाभांश भावाच्या अकरा टक्के दिसत होता. बँक त्या वेळी त्याच्या निम्मेही व्याज देत नव्हती. मी घरात कोणालाही न विचारता चाळीस हजार रुपये त्यात घातले. अकरा टक्के कसे झाले, हे पाहिले नाही. आता सांगते. एका शेअरचा भाव दोनशे रुपये आणि लाभांश चार रुपये असेल, तर उतारा दोन टक्के. धंद्याला उतरती कळा लागून भाव पन्नासावर आला, तर गेल्या वर्षीचे तेच चार रुपये आठ टक्के दिसू लागतात. लाभांश वाढलेला नसतो, भाव पडलेला असतो. तक्ता मागचे वर्ष सांगतो, आपण पैसे पुढच्या वर्षासाठी घालतो. माझ्या कंपनीने पुढच्या वर्षी लाभांश दिलाच नाही, आणि चाळीस हजारांचे सतरा हजार राहिले.

हे घरी सांगायला मला दोन महिने लागले. मुलीची फी भरायची वेळ आली, तेव्हा सांगावेच लागले. यजमान काही बोलले नाहीत. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "सातातले एक कलम तू दुसऱ्यांदा तोडलेस." नंतर त्यांनीच आपल्या डब्यातले पैसे काढून फी पुरी केली. त्या दिवसापासून मी ठरवले, की हा हिशोब नीट शिकायचा. न शिकता भीती बाळगायची, तर पुढच्या वेळी दुसरा कोणी तरी आपल्याला फसवणारच.

तेव्हा शिकलेल्या चार गोष्टी आपणांसमोर ठेवते.

पहिली गोष्ट. एका वर्षाच्या पिकावरून बागेची किंमत करू नये. आपला हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. धंद्याचेही तसेच. अमेरिकेत २००८ साली मोठी मंदी आली. कंपन्यांचा नफा इतका आटला, की २००९ मध्ये भाव पडलेले असूनही भाव-नफ्याचा आकडा शंभराच्या वर गेला. तक्ता ओरडून सांगत होता की बाजार फार महाग आहे. खरे पाहता ती स्वस्ताई होती. अशी फसगत टाळण्यासाठीच रॉबर्ट शिलर या अमेरिकन प्राध्यापकांनी दहा वर्षांच्या नफ्याची, महागाई जमेस धरून, सरासरी काढण्याची रीत आधीच रूढ केली होती. त्यांना २०१३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपले आजोबा बागेचा करार करताना मागच्या अनेक वर्षांच्या पेट्या आठवत, रीत तीच.

दुसरी गोष्ट. निरनिराळ्या देशांच्या बागांत झाडे निरनिराळी असतात. २०२४ अखेरचे आकडे घ्या. आपल्या निफ्टीचा लाभांश सव्वा टक्क्याच्या आसपास, अमेरिकेचाही तेवढाच, आणि इंग्लंडच्या मोठ्या शंभर कंपन्यांचा साडेतीन टक्क्यांच्या वर. म्हणून इंग्लंड अधिक चांगले काय? तसे नाही. तिथल्या बाजारात बँका, तेल, तंबाखू आणि खाणी यांच्या जुन्या कंपन्यांचे वजन मोठे. त्या जुन्या माडासारख्या. आता वाढायचे नाहीत, पण नारळ देत राहतात. अमेरिकेत संगणकाच्या धंद्यातील कंपन्या नफा पुन्हा धंद्यात घालतात. ॲपल कंपनीने १९९५ नंतर २०१२ पर्यंत लाभांश दिलाच नाही. शिवाय १९८२ च्या नियमानंतर तिकडच्या कंपन्या लाभांश देण्याऐवजी आपलेच शेअर बाजारातून परत घेऊ लागल्या. तोही पैसा भागधारकाकडेच जातो, पण लाभांशाच्या रकान्यात दिसत नाही. माड आणि नुकते लावलेले कलम यांची तुलना नुसत्या यंदाच्या फळावरून करणे न्यायाचे नव्हे.

तिसरी गोष्ट. माप कोणते, ते पाहावे. २०२१ च्या मार्चपर्यंत निफ्टीचा भाव-नफ्याचा आकडा काढताना फक्त मूळ कंपनीचा नफा धरीत. ३१ मार्चपासून तिच्या पोटकंपन्यांचाही नफा धरू लागले. त्यामुळे चाळीसच्या घरातला आकडा एका दिवसात तेहतीसच्या आसपास आला. बाजार स्वस्त झाला नव्हता. पायलीच बदलली होती. दोन देशांची पायली एकच आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय तांदूळ मोजू नये. आणखी एक फसगत अशी: आपल्याकडे लाभांश शेअरच्या छापील किमतीवर जाहीर करण्याची चाल होती. "पाचशे टक्के लाभांश" असे वाचून डोळे दिपत. छापील किंमत दोन रुपये असेल, तर पाचशे टक्के म्हणजे दहा रुपये. तो शेअर बाजारात हजाराला मिळत असेल, तर आपल्या हाती पडला एक टक्का!

चौथी गोष्ट पैशाच्या पैशाची. तुर्कस्तानचा बाजार कागदावर फार स्वस्त दिसे. पण २०२२ च्या ऑक्टोबरात तिथली महागाई वर्षाला पंच्याऐंशी टक्क्यांवर होती. तिथल्या लिराची किंमत उतरत गेली, तर त्यातला नफा रुपयांत मोजताना किती उरणार? बाहेरच्या देशाचा लाभांश घेताना करही पाहावा लागतो. अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून आपल्या माणसाचे पंचवीस टक्के तिथेच कापले जातात; मग इथल्या करात त्याची वजावट मागता येते.

आता आपण विचाराल, की आकडे इतके फसवे, तर ते पाहायचेच कशाला? भगिनींनो, न पाहणाऱ्यांचे काय होते, तेही ऐका. जपानमध्ये १९८९ च्या अखेरीस बाजाराचा निर्देशांक अडतीस हजार नऊशेच्या वर गेला. भाव नफ्याच्या साठपटीच्या आसपास, आणि लाभांश अर्धा टक्का. लोक म्हणत, जपानची गोष्ट वेगळी. मग पडझड झाली, आणि तो आकडा पुन्हा दिसायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. चौतीस वर्षे! तेव्हा चाळिशीत पैसे घातलेली बाई आज माझ्या सासूबाईंच्या वयाची झाली. आपल्या मुंबईतही हे घडून गेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि बॅक बेच्या भरणीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ साली युद्ध संपले आणि कितीतरी घरे बसली. आशियातील सर्वांत जुना असा आपला मुंबईचा शेअरबाजार १८७५ साली संघटित झाला, तो या धड्यानंतरच.

तेव्हा हे आकडे भविष्य सांगत नाहीत. ते प्रश्न विचारायला शिकवतात. स्वस्त दिसले, तर विचारावे, का स्वस्त? वाटेचा हक्क आहे ना? झाड आजारी तर नाही? लाभांश नफ्यातून येतो, की कर्ज काढून? औषध मारून फळ धरायला लावलेले झाड काही काळ डोळ्यांत भरते, मग खंगू शकते. महाग दिसले, तरी विचारावे, येत्या वर्षांत कमाई इतकी वाढेल असे कोण सांगतो, आणि त्याचे त्यात काय आहे?

माझे स्वतःचे म्हणाल, तर ते सतरा हजार मी काढून घेतले. मुलीच्या तीनही वर्षांची फी आधी बँकेत ठेवली; जे पैसे ठरल्या दिवशी लागणार, ते बाजारात ठेवायचे नाहीत, हा आता आमच्या घरचा नियम आहे. उरलेल्यातून दरमहा थोडे थोडे, एका कंपनीवर भरवसा न ठेवता, सबंध निर्देशांकाच्या फंडात घालते. आणि घालण्यापूर्वी यजमानांना व सासूबाईंना सांगते. त्यांना पी-ई कळत नाही, पण प्रश्न बरोबर विचारता येतो.

मुलगी गेल्या वर्षी शिक्षण पुरे करून रुग्णालयात कामाला लागली. पहिला पगार तिने आजीच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी नोटा मोजल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हे कलम धरले."

आपल्या बचत गटातील ज्या भगिनींच्या हाती अशी रक्कम येईल, त्यांनी कोणी तक्ता दाखवला म्हणजे लाजू नये. भाव किती, कमाई किती, हातात किती, आणि का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर समजले नाही, तर पैसे देऊ नयेत. न समजणे हा आपला कमीपणा नव्हे. न विचारणे हा आहे.