कायदा बदलला, आता न्यायपीठं उभी करा



 पुढचे दोन दिवस या अधिवेशनात कलमांचा कीस पाडला जाईल आणि तो पाडायलाच हवा. मी मात्र आज न्यायपीठांबद्दल बोलणार आहे. दिवाळखोरी संहितेचं जे अडलं आहे ते कलमांपेक्षा न्यायाधिकरणातल्या रिकाम्या खुर्च्यांपाशी अडलं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधीचे दिवस तरुणांनी पाहिलेले नाहीत, म्हणून थोडं मागे जातो. १९८५ चा आजारी उद्योगांचा कायदा आणि त्याखालचं औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ (बीआयएफआर) यांचा कारभार असा, की कंपनीची नक्त मालमत्ता पूर्ण बुडेपर्यंत ती आजारी ठरायची नाही. एकदा ठरली की कलम २२ चं संरक्षण मिळायचं. धनकोंची वसुली थांबायची, प्रवर्तक खुर्चीत कायम राहायचा आणि यंत्रं गंजत पडायची. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांच्या फायली तिथे वर्षानुवर्षं पडून राहिल्या. १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, २००२ मध्ये सरफेसी आला. पण दोन्ही बँकांच्या वसुलीसाठी. चालू शकणारा कारखाना चालता कसा ठेवायचा, याचं उत्तर त्यांत नव्हतं.

ते उत्तर टी. के. विश्वनाथन समितीनं नोव्हेंबर २०१५ च्या अहवालात दिलं आणि मे २०१६ मध्ये संहिता मंजूर झाली. संहितेखालच्या पहिल्या मोठ्या निकालाचं नातं आपल्या पुण्याशी आहे. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज ही इथली कंपनी. तिच्याविरुद्ध आयसीआयसीआय बँक न्यायाधिकरणात गेली, तेव्हा कंपनीनं महाराष्ट्राच्या १९५८ च्या साहाय्यित उपक्रम कायद्याचा आधार घेतला : राज्य सरकारनं आमची देणी स्थगित केली आहेत, तेव्हा थकबाकी झालेलीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये तो युक्तिवाद फेटाळला. केंद्रीय संहिता वरचढ ठरली आणि प्रवर्तकाच्या हातून व्यवस्थापन गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून कर्जदाराच्या वागण्यात फरक पडला. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात (एनसीएलटी) अर्ज जाणार अशी कुणकुण लागताच थकबाकी भरायला धावलेले प्रवर्तक तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. संहितेचं हे यश मोठं आहे.

पण अर्ज दाखल करून घेण्याबाबत चौदा दिवसांत ठरवावं असं कायदा म्हणतो आणि प्रत्यक्षात महिनेच्या महिने जातात. प्रक्रिया १८० दिवसांत, फार तर २७० दिवसांत संपवायची होती. २०१९ च्या दुरुस्तीनं कोर्टकचेरीचा वेळ धरून ३३० दिवसांची मर्यादा घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एस्सार स्टीलच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यातली सक्ती काढून टाकली, कारण न्यायाधिकरणाच्या विलंबाची शिक्षा पक्षकाराला देता येणार नाही. न्यायालयाचं म्हणणं रास्तच होतं. मात्र विलंब होणार, हे त्यात गृहीत धरलं गेलं.

आणि तो का होणार नाही? एनसीएलटीची मंजूर सदस्यसंख्या अध्यक्षांसह ६३ आहे, ती संपूर्ण देशासाठी. एका पीठावर दोन सदस्य बसतात, तेव्हा सगळ्या जागा भरल्या तरी एकतीस पीठं होतात. सगळ्या जागा भरलेल्या मात्र क्वचितच असतात. शिवाय या न्यायाधिकरणाची कल्पना कंपनी कायद्याच्या कामासाठी पुढे आली होती. २००२ च्या दुरुस्तीत ती कायद्यात उतरली आणि प्रत्यक्षात यायला २०१६ साल उजाडलं. विलीनीकरणं आणि भागधारकांची भांडणं होतीच, त्यांवर संहितेचा सगळा भार पडला. गडचिरोलीचा असो की सावंतवाडीचा, महाराष्ट्रातल्या प्रत्येक पक्षकाराला त्यासाठी मुंबईच गाठावी लागते.

विलंब म्हणजे काय, हे चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाऊन पाहिलं की कळतं. निराकरण व्यावसायिक (आरपी) कारखान्याचा ताबा घेतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे उभे राहतात ते वीजबिल, विमा आणि सुरक्षारक्षकांचे पगार. धनकोंच्या समितीनं (सीओसी) अंतरिम निधी दिला नाही तर विमा संपतो. वीज तोडली की सीएनसी यंत्रांच्या कंट्रोलमधली बॅटरी उतरते आणि आतला डेटा जातो. पावसाळ्यात शेडचा पत्रा उडतो. मोठी ऑर्डर देणारी वाहन कंपनी तीन महिने थांबते, मग आपले साचे उचलून दुसरीकडे नेते. निराकरण आराखड्यावरची सुनावणी चौथ्यांदा पुढे ढकलली जाते तेव्हा बोली लावणाऱ्यानं किंमत मोजलेला कारखाना राहिलेला नसतो, जागा उरलेली असते. हेअरकट (धनकोंनी सोडलेली रक्कम) फार मोठा झाला, अशी ओरड आपण ऐकतो. त्यातला किती कंपनीच्या मूळ दुखण्याचा आणि किती तारखांचा, हा हिशेब कोणी मांडत नाही.

याची झळ सगळ्यात आधी कामगाराला बसते. प्रक्रिया सुरू झाल्याची जाहीर सूचना मराठी वर्तमानपत्रात येते, पण न्यायाधिकरणाचं कामकाज इंग्रजीत. थकलेल्या पगाराचा दावा करण्यासाठी फॉर्म डी भरायला त्याला कुणाचे तरी पाय धरावे लागतात. सोबत लागतात नेमणूकपत्र आणि पगारचिठ्ठ्या, आणि पगारचिठ्ठी देणं कंपनीनं वर्षभरापूर्वीच बंद केलेलं असतं. सीओसीत त्याला मत नाही. परिचालन धनकोंची, म्हणजे कामगार-पुरवठादारांसारख्यांची, एकूण येणी कर्जाच्या दहा टक्के भरली, तरच त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, तोही मताविना. अवसायनात कलम ५३ प्रमाणे कामगाराची मागच्या चोवीस महिन्यांची थकबाकी तारण धनकोंच्या बरोबरीनं येते. हा हक्क त्याला १९८५ पासून आहे. पण तोवर वाटायला काय उरलं, हा खरा प्रश्न आहे. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. जूनमध्ये मुंबईत प्रकरण दाखल झालं, दोन वर्षांनी आराखडा मंजूर झाला, पण कंपनी पुन्हा उडाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवसायनाचा आदेश दिला. साडेपाच वर्षं! भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठीसुद्धा कर्मचाऱ्यांना अपील न्यायाधिकरणाचं दार ठोठावावं लागलं.

कायदा दुरुस्त करण्यात आपण कमी पडलेलो नाही. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवरच्या २०२२ च्या निकालानं अर्ज दाखल करून घेणं न्यायाधिकरणाच्या मर्जीवर आणलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकानं ते सावरायचा मार्ग आखला. थकबाकी सिद्ध झाली की अर्ज घ्यायचाच. निकालांतली अनिश्चितता मात्र संपलेली नाही. भूषण पॉवर कंपनीच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवसायनाचा आदेश दिला, जुलैत तो मागे घेतला आणि सप्टेंबरमध्ये ती घेणाऱ्या जेएसडब्ल्यूचा आराखडा कायम केला. शेवट योग्य झाला. पण पैसे भरून चार वर्षं कारखाना चालवणाऱ्याच्या मानेवर अशी तलवार टांगली जात असेल, तर पुढचा बोलीदार हात आखडता घेणारच.

एक गोष्ट मला सर्वात जास्त सलते. संहितेचा तिसरा भाग व्यक्तींसाठी आहे. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, पात्र कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला नवी सुरुवात करता यावी, अशी तरतूद २०१६ मध्ये संसदेनं मंजूर केली. ती आजही लागू झालेली नाही. तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना. बाकी व्यक्तींसाठी मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा, इंग्रजांच्या काळातला नादारी कायदा चालू आहे. हजारो कोटींचं कर्ज निम्म्याहून कमी रकमेत मिटतं, ते कायद्यानं मिटतं आणि त्याला माझा विरोध नाही. पण मायक्रोफायनान्सच्या हप्त्याखाली दबलेल्या बाईला तोच देश तीच मुभा देत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे की या अधिवेशनानं तीन ठराव करावेत. एनसीएलटीची सदस्यसंख्या संहितेच्या कामाचा हिशेब करून नव्यानं ठरवावी आणि जागा रिकामी होण्याआधी नेमणूक व्हावी. महाराष्ट्रात पुणे आणि नागपूर इथे पीठं द्यावीत. आणि तिसरा भाग, त्यातल्या रकमा आजच्या महागाईप्रमाणे वाढवून, लागू करावा. ठराव दिल्लीला पाठवून आपण गप्प बसायचं नाही. तोवर आपल्या हातातलं एक काम आहे. प्रत्येक आरपीनं ताबा घेतल्यावर कारखान्याच्या फाटकावर मराठीत सूचना लावावी आणि फॉर्म डी भरून द्यायला एक माणूस तिथे बसवावा. त्याला कायदादुरुस्तीची गरज नाही. सोमवारपासून सुरू करा.